भाव पाडणारे मनोहरराव

मनोहररावांनी तीस वर्षं नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याची दलाली केली आणि एवढी अक्कल कमावली की शेवटी ती ठेवायला जागा उरली नाही. हे ते आता स्वतःच सांगतात. धंद्याचा नियम एकच: जो माल घ्यायचा, त्याला तोंड भरून नावं ठेवायची. काटोलचं पहिल्या नंबरचं फळ समोर असलं तरी नाक मुरडायचं आणि शेजारच्या ढिगाची तारीफ करायची. भाव आपोआप उतरतो.

मुलगा सुशील पुण्यात. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली, तसा तो बायकोला, पायलला, घेऊन नागपुरात फ्लॅट बघायला आला. पायल पुण्यातच वाढलेली. तिकडे तिला एक फ्लॅट पसंत होता, नव्वद लाखांचा. पण नागपुरात साठात त्याहून मोठा मिळतो म्हटल्यावर ती अर्धी तयार झाली होती. पोरगं घरी येणार, या आनंदात मनोहररावांना दोन घास जास्तच जात होते.

बेसा रोडवरचा फ्लॅट, मोठा हॉल, दोन गॅलऱ्या. पाहताक्षणी मनोहररावांच्या मनात भरला, आणि म्हणूनच त्यांचं तोंड सुटलं.

"साठ लाख? काहून जी?" ते बिल्डरला म्हणाले. "उन्हाळ्यात इथं माणूस भाजून निघते. पाण्याचे टँकर बोलवा लागते. अन् पोराची नोकरी गेली तर दुसरी भेटन कुठं या गावात? पुण्याले पाहा. हवा चांगली, कंपन्या ढीगभर. तिथं माणूस नव्वद देते, तर काही पाहूनच देते न?"

बिल्डर अठ्ठावन्नवर आला. मनोहररावांना चेव चढला. त्यांनी डास काढले, धूळ काढली, खोदलेला रस्ता काढला. चोपन्नवर बोलणं पक्कं झालं, तेव्हा त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"बरं झालं बाबा, तुम्ही खरं ते सांगितलंत," पायल हळूच म्हणाली. "सुशील तर नुसतं कौतुकच करतो."

मनोहररावांनी तोंड उघडलं. पण बिल्डर चार हातांवर उभा. आता गावाची तारीफ केली तर भाव चढेल, म्हणून त्यांनी ते पुन्हा मिटलं. असा शहाणा अख्ख्या विदर्भात शोधून सापडायचा नाही.

घरी आल्यावर मात्र ते सुटले. पाणी गोड, माणसं मोकळी, उन्हाळा काय, दोन महिन्यांचा पाहुणा. पायल हसली, तिला वाटलं, खरं ते बाबा फ्लॅटवरच बोलून गेले, आता नुसतं सुशीलचं मन राखताहेत. दुपारी दोघांनी पुण्याच्या फ्लॅटचं टोकन पाठवून दिलं.

"तुमी त्याले एकदा तरी म्हटलं का, आमच्याजवळ ये म्हणून?" सुभद्राबाईंनी भाजी निवडता निवडता नवऱ्याला विचारलं.

नव्हतं म्हटलं. जे पाहिजे ते पाहिजे म्हणायची जिभेला सवयच नव्हती. मनोहरराव उठले आणि बॅग भरत बसलेल्या सुशीलजवळ गेले.

"मले तू इथं पाहिजे होता गा," ते म्हणाले.

सुशीलचा हात थांबला. "भाव पाडायची तुमची सवय मले माहीत आहे, बाबा," तो म्हणाला. "पण इतक्या दिवसांत तुमी फोनवरही कधी 'ये' म्हटलं नाही. मले वाटलं, तुमालेच आमी नको."