मागची झांज

लेक मिनल वारली, तेव्हापासून वामनरावांच्या कीर्तनात मागं झांज धरायला कुणी नव्हतं. तरी अभंग उचलला की मागून झांज वाजे. बायको घाबरेल म्हणून ते गप्प राहत.

आज दुपारी महाल भागातल्या घरी सराव करताना ती पुन्हा वाजली. त्यांच्या तोंडून पुढचा चरण निघेना.

"जयवंता, मले मिनलची झांज ऐकू येते वं. लय भेव लागते."

जयवंताबाईंनी तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवलं. "ठेक्याच्या जराशी पुढंच पळते नं? मलेही येते. तुम्ही खचाल म्हणून बोलली नाही."

लेक गेल्यावर दोघं पहिल्यांदाच जवळ बसून रडली. कोनाड्यातली झांज थरथरत होती.

"अभंग अर्धाच काहून सोडला?" डोळे पुसत जयवंताबाई म्हणाल्या. "पोरगी थांबून राहिली."