जाळीमागचा मोजा

ताईंनी पकडीचं टोक जुन्या कॉम्प्युटरच्या पुढच्या जाळीमागे घातलं, चाचपलं आणि जे हाती लागलं ते ओढलं. आधी धुळीचा बोळा आला, त्यात अडकलेलं मेलेलं झुरळ आलं, आणि मग करडं, मऊ, लांबडं काहीतरी बाहेर यायला लागलं. मोजा होता. पायातला. वापरलेला.

"शी, शी, शी!"

त्यांनी तो टेबलावरच्या वर्तमानपत्रावर टाकला आणि हात अंगापासून लांब धरून त्या उभ्या राहिल्या. तेवीस वर्षं त्या यंत्रं उघडत होत्या. आत उंदराच्या लेंड्या पाहिल्या होत्या, सांडलेल्या चहात चिकटून मेलेल्या मुंग्या पाहिल्या होत्या, पण मोजा कधी पाहिला नव्हता. शिवाय हा काही आपणहून आत गेला नव्हता. हवा जिथून आत शिरते, नेमकी तीच जागा गाठून तो घडी करून कोंबलेला होता.

सकाळच्या आकड्याचा अर्थ आता लागला. शहर बस कंपनीच्या ह्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ड्रायव्हर-कंडक्टरांचा दुसऱ्या दिवशीचा ड्यूटी तक्ता रोज एका प्रोग्रॅमवर निघायचा. तो ह्या सात वर्षांच्या डेस्कटॉपवरच ठेवायचा की नव्या सर्व्हरवर न्यायचा, ते तपासायला मुख्य कार्यालयाने ताईंना पाठवलं होतं. दोन्हींवर तेच काम, तीन-तीन फेऱ्या, सरासरी, आणि खाली ताईंची सही. सर्व्हरने तिन्ही वेळा अठ्ठावन्न मिनिटं घेतली होती. डेस्कटॉपने पहिल्यांदा एकेचाळीस, दुसऱ्यांदा त्रेचाळीस आणि आज सकाळी एकदम एकशे दहा. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. तोंडात बोळा कोंबल्यावर दुसरं काय करणार बिचारा!

आणि हे कोणाचं काम, ह्याबद्दल ताईंना तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी वर्तमानपत्राची चारी टोकं उचलली आणि नाक दुसरीकडे वळवून त्या तडक ह्या मजल्याच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

साहेब ताईंचाच अहवाल चाळत होते. दर पानाला बोट जिभेला लावायचं, कोपरा भिजवायचा, पान उलटायचं. आकड्यांच्या तक्त्यावर एक ओला ठसा चमकत होता. तो पाहून ताईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी गाठोडं अहवालाशेजारी ठेवून उघडलं.

"काय आहे हे?"

"मोजा."

"ते दिसतंय मला. माझ्या टेबलावर का आहे?"

"जुन्या मशीनच्या तोंडात होता. सर्व्हर तुम्ही आधीच घेऊन बसलात. आता तो हरला तर वर काय तोंड दाखवणार, म्हणून हे असले धंदे? अहो, जरा तरी लाज बाळगा!"

साहेब चिडले नाहीत. त्यांनी खुर्ची मागे घेतली आणि पँट घोट्यापर्यंत वर ओढली. आत काळे, पातळ मोजे होते, वरच्या कडेला सोनेरी रेघ.

"मी हे घालतो, ताई. आणि ते मशीन कुठून उघडतं, हेसुद्धा मला माहीत नाही. तुम्ही एवढंच सांगा, नव्यात चौसष्ट कोअर आहेत ना? जुन्यात आठ. मग चौसष्टवाला हरतो कसा?"

"तीनदा सांगितलंय. कोअर म्हणजे आतले राबणारे गडी. प्रोग्रॅम जुना आहे, तो एकाच कोअरवर चालतो. बाकीचे त्रेसष्ट नुसते बघत उभे. आणि जुन्याचा एकेक कोअर नव्याच्या जवळजवळ दीडपट पळतो. सर्व्हरला मी वाईट म्हणत नाही. तो दिवसरात्र चालेल, शंभर जणांची कामं एका दमात ओढेल. पण हे काम शंभर जणांचं नाही, एकट्याचं आहे."

"एक राबतोय आणि त्रेसष्ट बघतायत. आपल्या ऑफिससारखंच की!"

आपल्याच विनोदावर ते खुर्ची हलेपर्यंत हसले. मग बोट पुन्हा जिभेकडे गेलं.

"सकाळचा आकडा सोडून द्या. तिसरी फेरी आत्ता परत घ्या. जो आकडा येईल त्याच्याखाली सही करा, मी तसाच वर पाठवतो. तुमची सही असली की वरचे काही विचारत नाहीत. आणि ही घाण आधी उचला इथून."

घाण म्हणे! ताई गाठोडं घेऊन बाहेर पडल्या. मोजा साहेबांचा नव्हता, एवढं कळलं होतं, पण म्हणून त्या माणसाबद्दलची शिसारी काही कमी झाली नव्हती. सर्व्हर विकणाऱ्याने दिलेलं जाडजूड पेन साहेबांच्या खिशाला मिरवत होतं. आणि ह्या सगळ्यात मरणार कोण, तर मामा.

मामा म्हणजे त्या खोलीचे ऑपरेटर. सोळा वर्षं तेच तिथे बसायचे. तक्ता सुरू करायचा, अडला तर सोडवायचा, कोणी आजारी पडलं की पुन्हा काढायचा, साडेतीनपर्यंत छापायचा आणि पाचला खाली फळ्यावर लावायचा. डेस्कटॉपला सगळा मजला 'मामांचं लेकरू' म्हणायचा. काम सर्व्हरवर गेलं की ते मुख्य कार्यालयातूनच चालणार, लेकरू भंगारात जाणार, आणि मामांची बदली खाली चौकशीच्या खिडकीवर होणार. सोळा वर्षांच्या अनुभवी माणसाने पास कुठे मिळतो ते सांगत बसायचं! ताई तीन आठवडे ह्यावर कॅन्टीनमध्ये, जिन्यात, जिथे चार माणसं भेटतील तिथे तावातावाने बोलत होत्या. मामांवर अन्याय होऊ देणार नाही, असं त्यांनी दोनदा तरी सगळ्यांदेखत सांगितलं होतं.

मामा खालून चहा घेऊन आले होते. एक कप त्यांनी ताईंच्या खुर्चीसमोर झाकून ठेवला होता. खोली एसीने गारठलेली होती.

"मामा, चहा राहू दे बाजूला. हे बघा, तुमच्या लेकराच्या नरड्यात काय कोंबलं होतं कोणीतरी! मी म्हणते, ह्या लोकांना काडीची तरी..."

ताई बोलता बोलता थांबल्या. दुसऱ्या कोणीही नाक मुरडलं असतं, निदान वाकून पाहिलं असतं. मामांनी वर्तमानपत्राकडे पाहिलंच नाही. त्यांनी फक्त डावा पाय उजव्या पायामागे ओढून घेतला. उजव्या पायात चपलेत करडा मोजा होता. त्याची टाच निळ्या दोऱ्याने रफू केलेली होती. डावा पाय उघडा होता आणि त्याची बोटं थंडीने लाल झाली होती.

वर्तमानपत्रावरच्या मोज्याची टाचही निळ्या दोऱ्याचीच होती.

"तुम्ही?"

"मी."

"अहो, पण का? मी इथे तुमच्यासाठी घसा कोरडा करतेय! तुमची खुर्ची राहावी म्हणून!"

"माहीत आहे. सगळ्या मजल्याला माहीत आहे."

"मग?"

"मला विचारलंत का एकदा तरी?"

तोंड मोकळं झालेल्या मशीनचा पंखा सुरळीत फिरत होता. मामांनी हात लांब करून ते बंद केलं. आवाज थांबल्यावर त्यांनी खांदे सैल सोडले.

"लेकरू म्हणतात. मी कधी म्हणालो? मला किळस आहे ह्या डब्याची. ह्याचा तापलेला वास, ही घरघर, ही थंडी. घरी जेवायला बसलो तरी कानात हेच. मला मुलगी झाली तेव्हा मी इथे होतो, तक्ता अडला होता. खिडकीवर पाठवा म्हणून दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा साहेब म्हणाले, मामा, तुमच्याशिवाय ह्याला कोण सांभाळणार? वर पाठीवर थाप."

"पण खिडकीवर दिवसभर लोक डोकं खातात, मामा."

"खाऊ देत. पाच वाजता खिडकी बंद होते."

ताई खुर्चीवर बसल्या. कॅन्टीनमधलं आपलं एकेक भाषण त्यांना आठवायला लागलं, शब्दाशब्दासकट, हातवाऱ्यांसकट. मामा समोरच्या बाकावर बसून मुकाट जेवत असायचे आणि आपण त्यांच्या वतीने बोलत असायचो. सकाळपासून झुरळाची, मोज्याची, त्या ओल्या बोटाची किळस करून झाली होती. आता स्वतःचीच आली.

त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. खरी फेरी घेतली तर सरासरी बेचाळीस. मामा निवृत्त होईपर्यंत, म्हणजे आणखी चार वर्षं, इथेच. मोज्यासकट घेतली तर पासष्टच्या आसपास, म्हणजे अठ्ठावन्नवाला सर्व्हर जिंकला. तक्ता साडेतीनऐवजी पावणेचारला निघेल आणि फळ्यावर पाचलाच लागेल. बस कुठलीच चुकणार नाही. फक्त साहेब बोट चाटून पान उलटतील आणि म्हणतील, बघा, मी म्हणत नव्हतो? तेही ऐकून घ्यावं लागणार. तेवीस वर्षांत एकही आकडा त्यांनी इकडचा तिकडे केला नव्हता.

"द्या तो मोजा," मामांनी हात पुढे केला. "पाय गारठलाय. आणि खरा आकडा असेल तोच लिहा. माझं काही म्हणणं नाही. तुमच्या सहीला बट्टा नको."

ताईंनी मोजा उचलला. पकड टेबलावरच राहिली. चिकटलेली धूळ त्यांनी झटकली, मोजा घडी केला आणि मशीनसमोर गुडघ्यावर बसल्या. जाळीमागे, होता तिथेच, त्यांनी तो अंगठ्याने नीट दाबून बसवला. मग झाकण लावलं आणि चारही स्क्रू आवळले.

"अहो ताई..."

"उद्या देते," त्या वर न बघता म्हणाल्या. "तिसरी फेरी व्हायचीय अजून."

त्यांनी मशीन सुरू केलं, प्रोग्रॅम चालू केला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वहीत सुरुवातीची वेळ लिहिली, मिनिटासकट, नेहमीसारखी अचूक.