सांबार कोणता?

धाकट्या बहिणीचं, मिनलचं लग्न झालं त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार बावीसमध्ये, धर्मेंद्रची चेन्नईहून नागपूरला बदली झाली. बायको अमुदा आणि तीन वर्षांची मयुरा यांना घेऊन तो मानेवाड्याला आई-वडिलांकडे, गोपिकाबाई आणि रुपराव यांच्याकडे राहायला आला. मयुराला तमिळशिवाय काही येत नव्हतं. गोपिकाबाई म्हणाल्या, लेकरूच ते, चार दिवसांत बोलेल.

दिवाळी आली तरी नात मराठी बोलली नाही. बालवाडीतल्या श्वेता मॅडमनी सुचवलं, घरी तमिळ बंद करून पाहा. अमुदा काळजावर दगड ठेवून लेकीशी मोडकंतोडकं मराठी बोलू लागली. झालं उलटंच. मयुरा घरातही गप्प झाली. हवं ते बोटानं दाखवायची, नाहीतर पडद्यामागे जाऊन बसायची. पोरीचं बोलणं कायमचंच गेलं तर, या विचारानं गोपिकाबाईंना घास जाईना.

एका सकाळी रुपराव स्वयंपाकघरात कोथिंबिरीची जुडी निवडत होते. तिला नागपुरात सगळे सांबारच म्हणतात.

"सांबार मस्त कवळा भेटला वं," ते बायकोला म्हणाले.

मयुरा थबकली. जुडीत डोकावली. म्हाताऱ्याला एवढंही कळू नये, अशा नजरेनं तिनं आजोबांकडे पाहिलं.

"सांबार इल्लै," ती म्हणाली. "कोत्तमल्ली."

गोपिकाबाईंची पळी हातातच राहिली. "अवं बाई, हा सांबारच..."

"तू चूप राय वं. मले शिकवून राहिली पोरगी." रुपराव नातीकडे वळले. "मंग सांबार कोणता?"

तिनं गॅसवरच्या पातेल्याकडे बोट केलं. त्यात अमुदानं आंबट डाळ उकळत ठेवली होती. "सांबार."

"अस्सं. अन् हे?" त्यांनी टमाटर उचललं.

"तक्काळी."

"आमी भेदरं म्हणतो."

"भेदरं," मयुरा म्हणाली आणि खुदकन हसली.

अमुदा दारात उभी राहून डोळे पुसत होती.

"सूनबाई, तू बोल तिच्याशी तुझी भाषा," रुपराव म्हणाले. "तोंडच बंद झालं तर मराठी कुठून येईन?"

मग रोज तेच. आधी तिचा शब्द, मग आजोबांचा. रुपरावांची जीभ काही वळेना. कांद्याला तमिळमध्ये वेंगायम, ते म्हणायचे व्यंकटराव, आणि मयुरा पोट धरून हसायची. उन्हाळा लागेस्तोवर ती दोन्ही भाषांत भांडू लागली. श्वेता मॅडमनी हसत तक्रार केली, "आजी, ही आता कोणाले बोलूच देत नाही." गोपिकाबाईंनी घरी येऊन शेजारीपाजारी पेढे वाटले.

नवऱ्याला तोंडावर चांगलं म्हणायची त्यांना सवय नव्हती. त्या संध्याकाळी चहा देताना मात्र म्हणाल्या, "तुमच्यामुळं पोरगी बोलली."

"माझ्यामुळं काहून? मले काही येत नव्हतं, म्हणून बोलली ते."

पुढं रुपराव अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांच्याशी सगळ्यांत जास्त मयुराच बोलत बसायची. नातीच्या बडबडीचे ते दिवस देवानं त्यांना दाखवले म्हणून गोपिकाबाई आजही देवापुढे हात जोडतात. रुपराव दोन हजार चोवीसच्या माघ महिन्यात वारले.