भाईदासचा डायलॉग

आमच्या शिरपूरकडच्या विहारात वर्षभर संध्याकाळी एकटी सुनंदाबाई वंदना घेते. बाप्ये तेव्हा पारावर तंबाखू मळत असतात. बुद्ध पौर्णिमेला गर्दी झाली, पाहुणे आले, माईक लागला, की कमिटीचा अध्यक्ष भाईदास पांढरा शर्ट घालून पुढे बसतो आणि सुनंदाबाईला खिरीच्या पातेल्याकडे हाकलतो. ती त्याची सख्खी भावजय. धाकटा भाऊ वारल्यापासून दोघांचं पटत नाही.

यंदा तिनं कमिटीच्या बैठकीत उभं राहून मागणी केली, की पौर्णिमेची वंदना मी घेईन. भाईदासनं वर न बघताच सांगितलं, "माईक माणूसना हातमाच शोभस. तू खीर देख."

मंडप आणि स्पीकरचं काम माझं, म्हणून मी तिथंच वायर गुंडाळत होतो. आपल्याला भांडण दिसलं की हात शिवशिवतात.

सुनंदाबाईची पोरगी दीपमाला गावातल्याच लोकांना घेऊन मोबाईलवर पिक्चर काढत होती. गोष्ट गौतमीची. सिद्धार्थाला जिनं वाढवलं ती म्हातारपणी संघात घ्या म्हणून तीनदा विनवते, तीनदा नकार ऐकते. मग सुजलेल्या पायांनी दाराबाहेर उभी राहते आणि भिक्खू आनंद तिची बाजू मांडतो. गौतमी झाली होती सुनंदाबाई. आनंद मिळत नव्हता. मी दीपमालाला भाईदासचं नाव सुचवलं. पोरगी आधी घाबरली, मग इतकी हसली की खाली बसली.

भाईदासला मी सांगितलं, "भाऊ, भगवंतांच्या खालोखाल रोल शे." त्यानं गोष्ट विचारलीच नाही, अंगावर घ्यायचं चीवर कोणत्या रंगाचं ते विचारलं. शूटिंगच्या दिवशी मी त्याला त्याच्यापुरतं वाक्य पाठ करून दिलं. समोर कोणी नव्हतं, नुसता मोबाईल होता. गडी असा बोलला की भुईमुगातल्या बाया खुरपं टाकून बघायला आल्या. रावेरच्या व्याह्यांना त्यानं त्याच रात्री फोन करून पिक्चर बघायचं आवतण दिलं.

पौर्णिमेच्या सकाळी दीपमालानं त्याला अख्खा पिक्चर दाखवला. तो तसाच माझ्या गोडाऊनवर आला. शिव्यांना माझ्या आईपासून सुरुवात केली, मग म्हणाला माझा तेवढा तुकडा काढ. मी म्हणालो काढतो, पण मग तुम्ही पिक्चरमध्ये उरतच नाही. रावेरची जीप निघालीय, व्याह्यांना काय दाखवायचं? "राहू दे मंग," म्हणत तो पाय आपटत निघाला. आपल्याला तर हसू आवरत नव्हतं.

वायर टाकायला मीही त्याच्यामागून निघालो, तर विहाराच्या दारात सुनंदाबाईनं त्याला अडवलं आणि पुन्हा वंदना मागितली. तो म्हणाला, तुझ्या नवऱ्यानं तुला डोक्यावर बसवलं म्हणून तो लवकर गेला. ती पांढरीफटक पडली. माझंही हसू तिथंच थांबलं.

संध्याकाळी पडदा लागला. पुढं बाप्ये आणि रावेरचे व्याही, मागं पांढऱ्या साड्यांतल्या बठ्ठ्या, झाडून सगळ्या बाया. पडद्यावर भाईदास आला, हात जोडले आणि गरजला, "भगवान, बाई निर्वाणापर्यंत पोचू शकते असं आपणच म्हणता. मग तिला दाराबाहेर का उभं ठेवता?"

व्याह्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाया मात्र पडदा सोडून खऱ्या भाईदासकडे बघायला लागल्या. त्याची मान लाल झालेली मला स्पीकरच्या मशीनजवळून दिसत होती.

पिक्चर संपला तसा तो झटक्यात उठला आणि वंदनेसाठी माईक धरला. सुनंदाबाई बाप्यांच्या रांगांतून वाट काढत पुढे आली.

"भाऊ, वंदना मी लेस."

"खाले बस. पाहुणास्‌मा तमाशा नको."

"तीनदाव मांगं. आते मी मांगत नही."

मूर्तीकडे तोंड करून तिनं तिथंच मोकळ्या गळ्यानं त्रिसरण सुरू केलं. बाया तिच्या मागोमाग म्हणायला लागल्या. आणि एकदा वंदना सुरू झाली की आमच्यात कोण सांगतंय ते बघत नाहीत, हात जोडायचे आणि मागून म्हणायचं. व्याही हात जोडून उभे राहिले. कमिटी उभी राहिली. उरला एकटा भाईदास. हात जोडायचे तर माईक सोडायला हवा. त्यानं दात चावत तो समोरच्या टेबलावर ठेवला, हात जोडले आणि तिच्या मागून पुटपुटायला लागला.

माईक चालूच होता. माईकचं तोंड भाईदासच्याच दिशेला. सुनंदाबाई एक ओळ सांगायची आणि तीच ओळ भाईदासच्या आवाजात भोंग्यातून पार नदीपर्यंत जायची. त्याच्या ते ध्यानात आलं. पण मधेच गप्प बसला तर व्याही बघणार, आणि माईककडे हात न्यावा तर जोडलेले हात सोडावे लागणार. त्यानं मान वळवून मला शोधलं. शिवी ओठांवर आली होती, पण ओठ पुढची ओळ म्हणत होते.

मी आवाज अजून थोडा वाढवला.