मामाला विचारून सांगितलेली गोष्ट

मित्रांनो, इथे मला सगळे स्टूल म्हणतात. तुम्ही मला तुमच्या पाटाचा घानात जन्मलेला, जरा उंच भाऊ समजा. एका कारागिराने मला अखंड लाकडातून कोरलं आणि बसायची जागा होडीसारखी खोलगट केली. एफुआ नर्स होऊन इंग्लंडला आली, ती मला सोबत घेऊनच. आता ती निवृत्त आहे. आम्ही तिथल्या रीडिंग शहरात राहतो.

हिवाळ्यात माझी चैन असते. चारलाच अंधारतं, गल्लीतली मुलं जमतात आणि एफुआ माझ्यावर बसून कासवाच्या, आठ पायांच्या कोळ्याच्या गोष्टी सांगते. लबाड कासव दर वेळी पकडलं जातं, तरी मुलं त्याच्याच बाजूची. उन्हाळ्यात मात्र मी पडीक. उजेडात गोष्ट सांगायची नाही, हा एफुआच्या आजीचा नियम, आणि जूनमधला इथला उजेड मुलं झोपली तरी हलत नाही. मग माझ्यावर कुंडी येते. माणसं किती लवकर विसरतात, याचा हिशेब कुंडीखालून चांगला लागतो.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात शेजारच्या सुचेताने सॉफ्टवेअरच्या नोकरीतून मोठी सुट्टी घेतली. पुण्यात असताना ती मुलांसाठी गोष्टी लिहायची. ते पुन्हा जमतंय का, बघायचं होतं. पण बाईंनी विश्रांतीचंही वेळापत्रक केलं. सकाळी योगा, दुपारी वॉटरकलरचा क्लास, मधल्या वेळात ‘रिलॅक्स’. गोष्ट काही फिरकेना. बघता बघता शेवटचा रविवार उजाडला. एफुआच्या बागेत चहा पिताना ती म्हणाली, उद्या ऑफिस, सुट्टी फुकट गेली.

“तू विश्रांतीसुद्धा ओव्हरटाइमसारखी घेतेस,” एफुआ म्हणाली. तिने कुंडी उतरवली, मला पुसलं. “बस.”

सुचेता बसेना. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, असं तिचीही आजी सांगायची. एफुआ हसतच सुटली. कधी न भेटलेल्या दोन आज्यांनी एकच कायदा करून ठेवला होता.

सुचेताच्या सात वर्षांच्या चैत्रालीला हसू आलं नाही. तिला आईची गोष्ट आजच हवी होती. तिने घरातून कॉर्डलेस फोन आणला आणि साउथहॅम्प्टनच्या शशिधरमामाला लावला.

“मामा, आई आत्ता गोष्ट सांगते. तू हरवशील का?”

मामाचा आवाज बागेभर ऐकू आला. “अगं, मी इथल्या राउंडअबाउटवर तसाही रोज हरवतो. सांगू दे तिला.”

“माझ्या गोष्टींना मामाची परवानगी चालत नाही,” एफुआ म्हणाली. “पण ही तुझी आहे.” आणि ती खाली गवतावर बसली.

सुचेता अंग चोरून माझ्यावर टेकली. “एक मामा होता,” ती म्हणाली आणि अडली. मग हळूच पुढे निघाली. मामा भाचीकडे चालला होता. तेवढ्यात कुणीतरी भरदुपारी गोष्ट सांगायला लागलं, तसा त्याचा रस्ता सतरंजीसारखा गुंडाळला गेला आणि त्या जागी एक नदी वाहू लागली. काठावर एक कासव पाठीवर दिवा घेऊन बसलं होतं. चैत्राली प्रश्न विचारत होती. सुचेताला उत्तरं आधी ठाऊक नव्हती, तरी येत होती. चहा निवला. सावल्या लांबल्या. हळूहळू तिचं सगळं वजन माझ्यावर आलं.

सोमवारी ती ऑफिसला गेली. गोष्ट अर्धी राहिली होती, म्हणून संध्याकाळी बॅग न ठेवताच आमच्या बागेत परत आली.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं जुनं आसन असेल, तर त्याला शोभेसाठी मांडू नका. त्यावर बसा. काही सुचलं नाही तरी बसा; वजन आम्ही घेतो.