मागच्या दाराची गोष्ट

निवृत्त झाल्यावर ग्रंथपाल बाईंना घर खायला उठलं. मग त्यांनी वाचनालयाच्या माडीवरची अडगळीची खोली मागून घेतली आणि वस्तीचा इतिहास गोळा करायला घेतला. वस्ती काच कारखान्याच्या आधाराने वाढलेली. कारखाना कधीच बंद पडला होता, धुराडं तेवढं उभं होतं. लोक जुने फोटो आणून देत, कामगारांची ओळखपत्रं आणून देत. एका आजोबांनी तडा गेलेली बरणी आणली आणि वर पोचपावती मागितली.

बाईंच्या थोरल्या भावाने, दादाने, जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून दिला. "तू अख्ख्या गावाच्या आठवणी जप," तो म्हणाला, "मला माझा चष्मा शोधून दे, म्हणजे झालं." चष्मा त्याच्या कपाळावरच होता.

त्या रेकॉर्डरवर सगळ्यात रंगून बोलली ती शिंपीणबाई. तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही, असं वस्ती म्हणायची. तरी एक गोष्ट तिने जन्मभर पोटात ठेवली होती, ती त्या दिवशी बाहेर आली.

"मोठा संप आठवतोय ना? सगळे कारखान्याच्या पुढच्या दारात घसे फोडताहेत, आणि आमचे भट्टीवाले काका मागच्या दाराने आत! मांजरासारखे, पाय न वाजवता! मी मशिनवर बसल्या बसल्या खिडकीतून पाहिलं." पोटभर हसून झाल्यावर ती म्हणाली, "हे मी गेल्यावर लाव हं. जितेपणी कुणाशी वाकडं नको."

पुढच्या वर्षी ती गेली. बाईंनी दिलेला शब्द पाळला. संग्रहाच्या उद्घाटनाला खालचं दालन माणसांनी भरलं होतं. पहिल्याच रांगेत भट्टीवाले काका बसले होते, शेजारी मुलगी आणि जावई. एकदा बाईंच्या मनात आलं, काकांना आधी विचारावं का? पण इतकी जुनी गोष्ट, आता कोण मनावर घेतोय! तेही हसतील. बाईंनी बटण दाबलं.

शिंपीणबाईचा आवाज ऐकून बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग ते मांजराचं वाक्य आलं आणि दालन खदखदून हसलं. काकाही हसले. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे काका, उपाशी आम्हीच राहिलो होय!" तेही गमतीनेच होतं. पण मुलीने वळून बापाकडे पाहिलं आणि काकांचं हसू तिथेच थिजलं. संपात बाबा कसे पाणी पिऊन राहिले, हे ती लहानपणापासून अभिमानाने सांगत आली होती.

दुसऱ्या दिवशी बाई त्यांच्या घरी गेल्या. काका खुर्चीत पाठमोरे बसून होते.

"काका, चुकलं माझं. तुमची बाजू सांगा, मी तीही लावते. सगळ्यांसमोर लावते."

"बाजू कसली? गेलो होतो मी," काका म्हणाले. "भट्टी थंड झाली तर फुटेल, मग संप मिटूनही कुणाला काम उरणार नाही, असं मालकाने सांगितलं. पटलं मला. पण पोरगी तान्ही होती, भीतीही वाटत होती. भट्टीसाठी गेलो की भीतीपोटी, ते माझं मलाच ठरवता आलेलं नाही. तुझ्या यंत्रात काय बोलू?"

"हेच बोला ना."

"नको गं. आता कुणासाठी?"

बाई तडक माडीवर आल्या, ती कॅसेट काढून त्यांनी कपाटात कुलूपबंद केली. पण वरातीमागून घोडं! लोकांनी ते बोलणं केव्हाच फोनमध्ये भरून घेतलं होतं. पोरं एकमेकांना मागच्या दाराने मांजरासारखं चालून दाखवायची. काकांनी आधी नाक्यावर बसणं सोडलं, मग बाहेर पडणंच सोडलं. शेवटी मुलगी त्यांना आपल्या गावी घेऊन गेली.

दादा म्हणाला, "तू काही खोटं ऐकवलं नाहीस."

"खोटं असतं तर माफी मागून निस्तरलं असतं, रे," बाई म्हणाल्या.

त्यानंतर ज्याचं नाव येईल त्याला विचारल्याशिवाय त्यांनी काहीही लावलं नाही. लोक नाव काढत, "बाई किती जपून काम करतात." ते ऐकलं की बाईंना कानकोंडं व्हायचं.

न राहवून एकदा त्या काकांना भेटायला गेल्या. मुलीने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही.

"बाबा झोपलेत," ती म्हणाली.

आतून काकांचा आवाज येत होता. नातवाला ते काच कशी फुंकतात ते सांगत होते, श्वास कुठे धरायचा, कुठे सोडायचा. आवाज चांगला खणखणीत होता. बाई पायरीवर क्षणभर ऐकत उभ्या राहिल्या.

"बरं, उठले की सांग मी येऊन गेले," त्या म्हणाल्या.

मुलीने मान हलवली आणि दार लावून घेतलं. ती सांगणार नाही, हे बाईंना कळलं. त्या उलट पावली बसथांब्याकडे निघाल्या.