अर्ध्या पाण्यावरचे टर्बाइन

मी एक जुने टर्बाइन आहे, मित्रांनो, आणि खरे सांगायचे तर शेजारच्या नव्या टर्बाइनवर मी जळते. तेही सदा पाण्यात राहून!

चौतीस वर्षांपूर्वी मला या वीजघरात बसवले. शंभर मीटर उंचीवरच्या तलावाचे पाणी जाड लोखंडी नळातून धडधडत येई, माझ्या पात्यांवर आदळे आणि मी गरगर फिरे. आमचे चालक काका पाहुण्यांना कौतुकाने सांगत, "हे आमचं थोरलं." पाच वर्षांपूर्वी ते निळे, चकचकीत टर्बाइन आले. काकांनी त्याला भरपूर पाणी सोडले आणि माझे निम्म्यावर आणले. आता तेच लाडके, असे मी समजले. त्याचा नुसता आवाज ऐकला तरी माझ्या पोटात दुखे.

यंदा तलावातले पाणी जपून वापरायचे होते, म्हणून इंजिनिअर बाई वही घेऊन आल्या.

"काका, एवढ्या उंचीवरून हजार लिटर पाणी आलं की पाव युनिट वीज मिळते," त्या म्हणाल्या. "म्हणजे एका युनिटला चार हजारांच्या आसपास लागायला हवं."

मग त्यांनी मोजले. नव्याला लागले चार हजार पन्नास लिटर. मला चार हजार नऊशे! मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"याला भंगारात काढावं लागणार," बाई म्हणाल्या.

काकांचा चेहरा उतरला. "मॅडम, किती जपलं हो मी याला! वय झालं म्हणून पाच वर्षं निम्म्याच पाण्यावर चालवतोय."

बाईंनी वहीतून मान वर केली. "अहो काका, तिथंच घोळ झालाय! पाणी निम्मं सोडलं की ते पात्यांवर नीट आदळत नाही, बरंचसं वाया जातं. सोडा बघू पूर्ण."

काकांनी पाणी वाढवले. माझे सारे अंग घुमू लागले. बाईंनी पुन्हा हिशेब केला. चार हजार दोनशे!

"राहू दे याला," बाई म्हणाल्या.

"माझंच चुकलं रे," असे म्हणत काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

ते निळे अजूनही दीडशे लिटरने सरस आहे आणि मला ते सलते. पण मित्रांनो, एक मागणे आहे. जुन्या यंत्राला तेलपाणी करा, त्याची पाती तपासा, मात्र कीव येऊन त्याच्या वाट्याचे काम काढून घेऊ नका. पाच वर्षे मी ज्याला काकांचा दुजाभाव समजत होते ती त्यांची माया होती, आणि त्या मायेनेच मला भंगाराच्या दारात नेऊन उभे केले होते.